न्हाणीच्या स्लॅबवरचं भांडं

मंगलला घेऊन परत आले त्या दिवशी शेजारच्या बाया ओट्यावर जमल्या आणि विचारू लागल्या, "काय काय बघितलं गं तिकडं?" मी म्हणाले, "काय न्हाई. पोरगी आणली." एवढं बोलून मी घागर उचलली आणि पाण्याला गेले. चार माणसांत सलग बोलणं मला कधी जमलं नाही. चौथीत गुरुजींनी फळ्याजवळ बोलावलं की मी खाली पायाच्या बोटांकडं बघत उभी राहायचे. पण या वेळी तिकडं माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती तोंडानं सांगायला बसले तर अर्ध्यावर गप्प होईन. म्हणून मंगलच्या शाळेतल्या वहीची कोरी पानं काढून लिहिते आहे.

हिंडणं मला नवीन नाही. लग्न झाल्यापासून कितीतरी वर्षं दिवाळी झाली की मालकांबरोबर मेंढरांच्या मागं निघायचे. गुडघे दुखायला लागल्यापासून घरी राहते. पण ते सगळं पायी होतं, आणि मेंढरांकडं बघत होतं. गाडीत बसून, मेंढरांशिवाय, नुसती बाहेर बघत गेले ते यंदाच.

लिंबागणेश

आमची वाडी लिंबागणेशच्या पुढं डोंगराला लागून आहे. दिवाळीच्या आधी शाळेच्या छतावर एक मशीन आणून बसवलं. बसवणाऱ्या सुवर्णा मॅडम लातूरच्या, आमच्या मंगलपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पँट-शर्ट घालून शिडीवर भराभर चढायच्या. त्यांच्याबरोबर गाडी चालवायला आणि सामान उचलायला गफूरभाई. दोघांना चहा आमच्या घरून जायचा. मी कप शिडीखाली ठेवून यायचे.

मशीन हवा मोजायचं होतं. माझ्या सासूनं गफूरभाईंना विचारलं, "इथली हवा तर चांगली हाय. मग मोजता कावून?"

"आजी, टोपलीत कापूस भरून तोलायचा तर आधी रिकामी टोपली तोलतेत का न्हाई? तुमचं गाव म्हंजे रिकामी टोपली."

सासूला ते आवडलं नाही. "गाव रिकामं म्हणतोय मेला," असं दिवसभर म्हणत होती.

भरलेली टोपली होती तिकडं, दिंद्रुडच्या बाजूला. तिथं एका साखर कारखान्याला नवीन बॉयलर आणि नवीन धुराडं बांधायचं होतं. बांधल्यावर धूर कुठं कुठं पडेल ते आधी काढून द्यायचं काम मॅडमकडं होतं. आणि तिथंच, कारखान्याच्या अलीकडं ओढ्याकाठच्या वस्तीवर, आमची मंगल दिली आहे.

मंगलला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं होतं. मालक मेंढरं घेऊन निघून गेले होते. फोनवर बोलताना मंगल मधेच थांबायची आणि खोकायची. तिची सासू फोन घेऊन म्हणायची, "विहीणबाई, नाजूक पोर दिली तुमी आमाला. जरा हवा लागली की खोकती." मी काही बोलायचे नाही. मंगल घरी होती तेव्हा बकऱ्यांमागं डोंगर चढायची आणि वरून हाक मारायची, ती खालपर्यंत ऐकू यायची.

मला एकच लागून राहिलं होतं. खोकला पोरीच्या अंगातला आहे की त्या अंगणातला? अंगातला असला तर औषध करू. अंगणातला असला तर बाळ घेऊन ती परत तिथंच जाणार, आणि वर नवीन धुराडं उभं राहणार.

मॅडमना सासूनं सांगितलं की हिला तिकडं जायचंय. त्या म्हणाल्या, "मग चला ना मावशी आमच्याबरोबर. वस्तीवर मला एक भांडं ठेवायचंच आहे. तुम्ही असाल तर बरंच."

चौसाळा

पहिला मुक्काम चौसाळ्याला, म्हणजे तासाभराचा. हमरस्त्यावरचं गाव, ट्रकांची ये-जा थांबतच नाही. गफूरभाईंनी दार लावलं त्यात माझा पदर अडकला होता, तो तसाच बाहेर फडफडत चौसाळ्यापर्यंत आला. मला कळलं होतं, पण गाडी थांबवा कसं म्हणायचं? उतरून बघितलं तर पदराचं टोक मातीच्या रंगाचं झालं होतं.

मॅडम एका दुकानाच्या गच्चीवर चढल्या. तिथंही त्यांचं मशीन होतं, आणि त्यातला कागद बदलायचा होता. "येता का वर, मावशी? बघा तरी कसं असतं." मी नको म्हणून मान हलवली आणि गाडीतच बसून राहिले. खाली दुकानात सगळे पुरुष होते, त्यांच्यामधून जिना चढायचा होता. त्या दिवशी वर गेले असते तर पुढचं झालं नसतं.

मग हॉटेलात भजी खाल्ली. मी भिंतीकडं तोंड करून बसले. पोऱ्यानं नाही, हॉटेलवाल्यानंच आणून दिली, आणि मॅडम एका पुरुषमाणसासारखं त्याला म्हणाल्या, "मिरच्या तळलेल्या आण अजून." आमच्याकडं बाई हॉटेलात बसली की लोक बघतात. इथं कुणी बघितलं नाही. मी दोन प्लेटी खाल्ल्या, कारण पहिली संपली तेव्हा नको म्हणायचं सुचलं नाही.

धारूरचा घाट

केज मागं गेल्यावर मॅडमनी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि मला नकाशा दाखवला. मधे कारखान्याचा ठिपका. त्याच्याभोवती लाल, मग पिवळा, मग हिरवा. सगळा रंग एका अंगाला ओढलेला, पदरावर तेल सांडून पुसलं की फराटा उठतो तसा.

मी काही विचारलं नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असेल. त्या सांगायला लागल्या.

"धुराडं किती उंच, धूर किती निघतो, किती गरम आहे, वारा कुठून येतो आणि किती जोरात, हे सगळं कॉम्प्युटरला सांगायचं. वर्षातल्या प्रत्येक तासाचा वारा. मग तो गणित करतो आणि सांगतो, धूर कुठं जमिनीला टेकेल आणि किती. याला मॉडेल म्हणतात. नवीन धुराडं अजून बांधलेलं नाही, तरी त्याचा धूर आजच दिसतो."

"अन् खरं निघतं का?" हे गफूरभाईंनी विचारलं.

"वारा खरा सांगितला तर निघतं. वारा आपण मोठ्या गावच्या वेधशाळेतून घेतलाय. आता जुन्या धुराड्याचा धूर मोजून पडताळा घ्यायचा."

मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "ही तुमच्या मंगलची वस्ती. हिरव्यात आहे. धूर वरून पुढं निघून जातो. काळजीचं काही नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. पण खोकला मी माझ्या कानानं ऐकला होता.

आम्ही मेंढरंवालेही धूर बघतो. संध्याकाळी मेंढरं बसवायची जागा ठरवायची, भोवती जाळी लावायची, त्याला वाघर म्हणतात. जाळी लावायच्या आधी सासू एक शेणी, म्हणजे गोवरी, पेटवून जमिनीवर ठेवायची आणि तिचा धूर कुठं सरपटतो ते बघायची. जिकडं धूर जातो तिकडंच पहाटेची थंडी जाते, तिथं कोकरं बसवायची नाहीत. दिवसाचा वारा वेगळा आणि हिवाळ्यातल्या पहाटेचा वेगळा. दिवसा कुठूनही वाहो, पहाटे तो गुपचूप ओढ्याच्या उतारानं खाली येतो, पाणी येतं तसा.

मॅडमना विचारावं असं वाटलं, की हा पहाटेचा वारा तुमच्या कॉम्प्युटरला माहीत आहे का? मनात वाक्य जुळवलं. तेवढ्यात घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणाला भजी वर आली.

"मावशी, घाटात उतरायचं तर रिकाम्या पोटी," गफूरभाई गाडी कडेला घेत म्हणाले. "तुमी तर दोन प्लेटी हाणल्या."

दगडावर बसून तोंड धुतलं. समोर झाडीत सीताफळं विकणारी एक बाई बसली होती. हंगाम संपत आला होता, फळं लहान होती, पण डोळे उघडलेली. तिनं न विचारता एक फळ फोडून माझ्या हातात दिलं. "खा बाई, तोंडाला चव यील." मी मंगलसाठी टोपलीभर घेतली. घाटावरून खाली बघितलं तर आमच्याकडच्या पिवळ्या माळांच्या जागी सगळा हिरवा ऊस, आणि लांब एक धुराडं. धूर सरळ वर जाऊन एका बाजूला वळलेला. नकाशात होता अगदी तसाच.

दिंद्रुडच्या पलीकडं, वस्तीवर

दिंद्रुडच्या बाजारात बाळंतिणीसाठी खारीक-खोबरं घेतलं आणि वस्तीवर पोहोचलो. पाच घरं, मागं ऊस, पुढं ओढा. कारखाना जरा वरच्या माळावर. मंगल दारात उभी होती. मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोट मोठं, हात बारीक.

अंगणात बाजा टाकल्या. जावई आणि व्याही बाजेवर बसले, मॅडमना खुर्ची दिली. मॅडम त्यांना भांड्याचं सगळं समजावून सांगत होत्या. मी आणि मंगल आत चहा करत होतो. चुलीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा न्हाणीच्या स्लॅबवर लोखंडी तिपाई आणि तिच्यावर रुंद तोंडाचं प्लास्टिकचं भांडं बसवून झालं होतं. आत खुणेपर्यंत पाणी.

निघताना मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, पाणी खुणेच्या खाली गेलं तर वरून थोडं घाला. आठ दिवसांनी मी येते." मी मान हलवली. पावसाळ्यात तलाठ्याकडं पाऊस मोजायचं भांडं असतं ते मी बघितलं होतं. मला वाटलं, हे आटणारं पाणी मोजायचं असेल.

जावई दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरवर ऊस ओढायला गेले. व्याही शेतात. भांड्याचं ज्यांना समजावलं होतं ते दोघं दिवसभर घरी नसायचे. घरी आम्ही तीन बाया.

लेकीच्या घरी आईनं आठ दिवस राहायचं म्हणजे अवघड. आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून पितात. मॅडमना शब्द दिला म्हणून राहिले, पण फुकट खायचं नाही असं मनाशी ठरवलं. सगळ्यांच्या आधी उठायचे, अंगण झाडायचे, सडा टाकायचे, भांडी घासायचे. विहीणबाई म्हणायच्या, "अवो बसा की. लोक म्हणतील, विहिणीला राबवून घेतलं." मी म्हणायचे, "असू द्या." एवढाच आमचा संवाद.

विहीणबाई स्वच्छतेला लई कडक. दिवसातून तीनदा अंगण झाडायच्या, कारण तीनदा काळं व्हायचं. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर, पापडावर, दुधाच्या सायीवर बारीक काळे कण. हातानं पुसलं की रेघ उठायची. त्या प्रत्येक गोष्टीवर फडकं टाकून ठेवायच्या. पिठाच्या डब्यावर फडकं, घागरीवर फडकं, अगदी पाळण्याच्या दोरीवरही. पाळणा अजून बांधला नव्हता, नुसती दोरी टांगून ठेवली होती.

"ही काजळी कुठली?" मी पहिल्या दिवशी धीर करून विचारलं.

"कारखान्याची. दुसरी कुठली?" त्या म्हणाल्या. "ऊस तिथंच घालतो, मग काजळी काय परत पाठवायची?"

बाकी वस्तीवर मला पुष्कळ गोष्टी नवीन होत्या. आमच्याकडं भाकरी बाजरीची, इथं ज्वारीची, आणि एवढी पातळ की चुलीवरून उचलताना मी दोनदा मोडली. कॅनॉलचं पाणी दारातून वाहतं. आम्ही हात धुतलेलं पाणी झाडाला घालतो, भांडी विसळलेलं जनावराला. मी इथंही तसंच करायला लागले तर विहीणबाई हसून हसून बसल्या. "फेका की वो! इथं पाण्याला काय तोटा?" माझ्या हातून फेकवलं नाही.

पहिल्या पहाटे शिडी लावून स्लॅबवर गेले. भांड्यातलं पाणी काळं. वर काजळी तरंगत होती, तळाला बसली होती. मला लाज वाटली. मॅडमचं भांडं, माझ्या भरवशावर ठेवलेलं, आणि एका दिवसात अशी अवस्था. खालून विहीणबाई बघत होत्या. "तुमच्या मॅडमचं भांडं लई घाण दिसतंय, विहीणबाई. माझ्या दारात आसलं शोभत न्हाई."

मी भांडं खाली आणलं. पाणी फेकायचं नाही म्हणून भाकरी बांधून आणलेल्या, मालकांच्या जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून बादलीत गाळलं आणि ते सड्याला वापरलं. भांडं राखेनं घासून लख्ख केलं, हापशाचं पाणी खुणेपर्यंत भरलं आणि वर ठेवलं. फडकं रोज धुतलं नाही. उद्या परत काळंच होणार होतं, शेवटी एकदाच धुवू म्हणून न्हाणीमागच्या खिळ्याला टांगून ठेवलं.

असं आठ सकाळी केलं. एकदाही चुकवलं नाही.

पहाटे स्लॅबवर असायचे तेव्हा आणखी एक गोष्ट दिसायची. धुराड्याचा धूर वर सरळ उभा असायचा, पण ओढ्यातून एक करडा पट्टा जमिनीला धरून वस्तीकडं यायचा. त्याच वेळी खाली मंगलचा खोकला सुरू व्हायचा. ऊन वर आलं की पट्टाही नाही आणि खोकलाही कमी. मी रोज बघायचे.

आठवा दिवस

मॅडम आणि गफूरभाई दुपारी आले. विहीणबाईंनी अंगण नुकतंच झाडून लख्ख केलं होतं. बाजा टाकल्या. जावयांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती, व्याहीही घरी होते, शेजारच्या घरातले दोन पुरुष येऊन बसले. गफूरभाईंनी भांडं खाली आणलं. मॅडमनी एका काचेच्या भांड्यावर गोल पांढरा कागद बसवला आणि त्यातून ते पाणी गाळलं.

कागद पांढराच राहिला. त्या दिवशी सकाळनंतरचे चार-पाच ठिपके, बाकी काही नाही.

मी दारात चहाचं ताट घेऊन उभी होते. फडक्यातून पाणी गाळणं मी आठ दिवस करत होते, तेच त्या कागदातून करत होत्या. तेव्हा मला कळलं की पाणी मोजायचं नव्हतंच. पाण्यात पडणारं मोजायचं होतं.

"आठ दिवसांत काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही नवल वाटलेलं दिसलं. "कॉम्प्युटरनं हेच सांगितलं होतं. वस्ती हिरव्यात. मग नवीन धुराड्याच्या अहवालात इथं काही लिहायची गरज नाही."

"म्हंजे आमच्याकडं धूरच न्हाई?" व्याही म्हणाले.

"कागदावर तरी नाही."

"बघा!" विहीणबाई पटकन बोलल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "मी म्हणत न्हवते? काजळी झाडली की जाती, हवेत काय न्हाई. पोरगीच नाजूक."

आत मंगल खोकली. तोंडावर पदर धरून खोकत होती, पण ऐकू येत होतं.

मी ताट खाली ठेवलं. न्हाणीमागं गेले. खिळ्यावरचं फडकं काढलं. ते कडक झालं होतं. परत येताना वाटलं, ठेवावं परत, रात्री मंगलला सांगावं, ती जावयांना सांगेल, ते मॅडमना फोन करतील. पण गाडी तासाभरात निघणार होती. मी सगळ्या पुरुषांच्या मधून गेले आणि ते फडकं मॅडमच्या समोर, त्या पांढऱ्या कागदाशेजारी पसरलं. मधला सगळा भाग शाईसारखा काळा.

"हे काय, मावशी?"

"ह्ये इथं हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "भांड्यातलं. मी रोज सकाळी वतून घेतलं, अन् भांडं घासलं. आठ बी दिवस. मला म्हाईत न्हवतं, तुमाला तेच पाहिजे व्हतं."

मग व्याही हसायला लागले, जावई हसले, शेजारचा एक मांडीवर थाप मारून म्हणाला, "बाईनी कारखाना धुऊन ठिवला की रं!" माझे कान तापले. पण मी आत गेले नाही. गेले असते तर परत बाहेर आले नसते.

मॅडम हसल्या नाहीत. फडक्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "काम तुम्हाला दिलं आणि समजावलं यांना."

मग मला म्हणाल्या, "पण हे फडकं अहवालात चालत नाही, मावशी. किती पाणी, किती गळून गेलं, काही सांगता येत नाही. भांडं परत ठेवावं लागेल."

"ठिवा," मी म्हणाले. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून घाटात राहिलेलं वाक्यही बोलून टाकलं. "अन् तुमच्या कॉम्प्युटरला पहाटंचा वारा सांगितला का? धूर दिवसा तुमच्या नकाशावानी जातो. पहाटं ओढ्यातून येतो. हिकडं."

"पण एवढ्या उंच धुराड्याचा धूर खाली कसा येईल?"

"ते मला न्हाई म्हाईत. उद्या सकाळी या. दावते."

पहाटेची शेणी

मॅडम दिंद्रुडला मुक्काम करून उजाडायच्या आधी आल्या. स्वेटर, कानाला रुमाल. मागं गफूरभाई जांभया देत. विहीणबाईही शाल घेऊन आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी ओढ्याच्या काठानं वरच्या अंगाला, कारखान्याकडं, शंभरेक पावलं गेले, एक शेणी पेटवली आणि सासू करायची तशी जमिनीवर ठेवली. धूर वर गेला नाही. वीतभर उठला, वाकला, आणि ओढ्याच्या पोटातून वस्तीकडं सरपटत निघाला. आम्ही त्याच्या बाजूनं चालत गेलो. थेट विहीणबाईंच्या अंगणात गेला.

मॅडमनी वर बघितलं. धुराड्याचा धूर सरळ उभा होता. "मग काजळी कुठून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. आम्ही परत वर गेलो, शेणीच्याही पुढं. तिथं ओढ्याच्या काठावर बॉयलरची राख टाकलेली होती. घरापेक्षा उंच ढीग. एक ट्रॉली नुकतीच उलटली होती. राख अजून गरम होती, धुमसत होती, आणि तिचा करडा पट्टा शेणीच्याच वाटेनं खाली चालला होता.

मॅडम तिथंच एका दगडावर बसल्या आणि वहीत लिहायला लागल्या.

"कॉम्प्युटर खोटं बोलला नाही, मावशी," लिहिता लिहिता म्हणाल्या. "त्याला धुराडं सांगितलं, त्यानं धुराड्याचं बरोबर सांगितलं. हा ढीग सांगितला नव्हता. आणि वारा सांगितला तो दुसऱ्याच गावचा. आता वारा मोजायचं यंत्र इथं, तुमच्या ओढ्यात लावते. नवीन बॉयलर आला तर राखही वाढणार, तीसुद्धा घालते. मग परत नकाशा काढू."

"म्हंजे पोरगी नाजूक न्हाई," मी म्हणाले. हे मी विहीणबाईंकडं न बघता म्हणाले, पण त्यांच्यासाठीच.

विहीणबाई राखेच्या ढिगाकडं बघत होत्या. तीस वर्षं त्या रोज तीनदा अंगण झाडत होत्या. "ह्ये एवढं सगळं," त्या म्हणाल्या, "माझ्या अंगणात येतंय व्हय?"

परत

त्याच दिवशी मंगलला घेऊन निघाले. विहीणबाईंनी तिची ओटी भरली, आणि माझीही भरली. न्हाणीच्या स्लॅबवर भांडं परत ठेवलं होतं. या वेळी मॅडमनी पुरुषांना बाजेवर बसवून ठेवलं आणि विहीणबाईंना शिडीवर चढवून सगळं समजावलं. मी खाली शिडी धरून उभी होते.

"घासायचं न्हाई?" विहीणबाईंनी तीनदा विचारलं.

"घासायचं नाही. पाणी कमी झालं तर वरून घालायचं, बस."

"कितीबी काळं झालं तरी?"

"कितीही."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

येताना घाटात मी काही खाल्लं नाही. मंगल सगळ्या वाटेनं सीताफळं खात आली. टोपलीतली अर्धी आठ दिवसांत पिकून फुटली होती, तरी. वाडीवर आल्यावर पहिले चार दिवस ती रात्री खोकली. मग कमी झालं. आता पंधरा दिवस होतील, ती सकाळी ओट्यावर उभी राहून पलीकडच्या माळावरच्या पोरीला हाक मारते. सासू म्हणते, "हळू वरड, पोटातलं जागं हुईल."

मॅडम परवा शाळेवरचा कागद बदलायला आल्या. या वेळी मी चहा शिडीखाली ठेवला नाही, वर घेऊन गेले. त्यांनी लॅपटॉप उघडला. नकाशा बदलला होता. मोठा फराटा होता तसाच होता, पण ढिगापासून ओढ्याच्या पोटातून एक अरुंद लाल जीभ खाली आली होती आणि तिचं टोक वस्तीवर टेकलं होतं. "राख तिथून उचलल्याशिवाय नवीन बॉयलर नको, असं मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ऐकायचं की नाही ते वरचे ठरवतील. पण आता वस्ती हिरव्यात नाही." पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मंगलचं बाळ सव्वा महिन्याचं झालं की ती जाईल म्हणते. मी म्हटलं, ढीग हलला की जा. त्याआधी नाही. हे मी जावयांना फोनवर स्वतः सांगितलं.

काल विहीणबाईंचा फोन आला. मंगलची चौकशी केली, मग आवाज खाली आणला.

"विहीणबाई, मॅडमनी पाणी गाळून कागद बगितला. काळाकुट्ट निघाला. आता दुसऱ्यांदा ठिवलंय भांडं. मी हात लावला न्हाई बरं का. रोज शिडीवर चढून बगते अन् उतरते. इतकं घाण भांडं माझ्या दारात मी जल्मात ठिवलं न्हाई."

"राहू द्या तसंच," मी म्हणाले. "अन् पहाटं कुणी फडकं टाकलं न्हाई ना त्याच्यावर, बगत जा. लक्ष ठिवा."

मागून व्याह्यांचा आवाज आला, "कोण हुकूम सोडतंय तुला सकाळी सकाळी?"

"तुमी गप बसा," विहीणबाई त्यांना म्हणाल्या. "आमचं भांड्याचं चाललंय."